बिनानंबरचा मेसेज

बाबा, आपल्या धाकट्याच्या दवाखान्याच्या कागदावर परवा एक ओळ लिहिली गेली, म्हणून हे लिहायला बसले आहे. रुग्ण प्रत्येक वाक्यानंतर आकडा मागतो, आकडा मिळाल्याशिवाय उत्तर देत नाही, अशी ती ओळ; आणि तिच्यापुढे, हे नवीन लक्षण दिसतं, संध्याकाळची गोळी वाढवण्याचा विचार करावा. ते लक्षण नाही, ती तुमची शिकवण आहे, हे त्या खोलीत सांगायची वेळ आली. ते कोणी सांगितलं आणि कसं, हे तुम्हाला कळायला हवं, असं घरी आल्यापासून वाटतं आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या आवाजापेक्षा तुमचा स्टेशनमास्तरचा पांढरा युनिफॉर्मच मला जास्त आठवतो. त्या खोलीत मात्र तुमचा आवाज ऐकू आला, असं मी आता लिहिणार होते. पण या विषयात ते शब्द जपून वापरावे लागतात. आठवला, एवढंच लिहिते.

आधी सध्याचं सांगते. रेल्वेचं क्वार्टर सोडल्यावर आम्ही दोन-तीन घरं बदलली. आता तेलीबांध्याला राहतो, दाराबाहेर सगळी हिंदी, आणि बाल्कनीतून मान जरा वाकवली की तळं दिसतं. आई तुमच्यानंतर बरीच वर्षं होती, शेवटपर्यंत हिंडतीफिरती. मी सिंचन विभागातून रिटायर झाले. निरोपाच्या भाषणांत सगळ्यांनी माझ्या शिस्तीचं फार कौतुक केलं, म्हणजे सुटल्यासारखं वाटलं असावं त्यांना. धाकटा गोल बाजारात एका भांड्यांच्या दुकानात नावं घालतो. लग्नात द्यायच्या डब्यांवर, परातींवर देणाऱ्याचं नाव हवं असतं, ते. हातात पेनासारखं विजेचं लहान यंत्र, गांधीलमाशीसारखं गुणगुणणारं. पुढ्यात भांडं आणि समोर घाईत असलेलं गिऱ्हाईक. गिऱ्हाइकानं नाव सांगायचं, यानं ते परत म्हणायचं, मग गिऱ्हाइकानं कोणताही एक आकडा बोलायचा, की यंत्र सुरू. नवीन माणूस गोंधळतो. तेव्हा शेठ गल्ल्यावरून समजावतात, भैयाला नंबर सांगा, तेव्हाच तो लिहील. स्टीलवर गेलेलं अक्षर पुसता येत नाही, त्यामुळे शेठना ही पद्धत मनापासून पटलेली आहे. याची शिरोरेषा सरळ जाते. मागे एकदा गोळी वाढली होती तेव्हा त्याचा हात कापायला लागला आणि शिरोरेषा कपडे वाळत घातलेल्या दोरीसारखी झोल खाऊ लागली. यानंच यंत्र खाली ठेवलं, घरी आला आणि पावसाळाभर खिडकीशी बसून राहिला. गोळी वाढवणं हे कागदावर अर्ध्या ओळीचं काम आहे. आमच्या घरात ते काय असतं, हे आता तुमच्या लक्षात येईल.

तुम्हाला तुमचीच पद्धत सांगायची गरज नाही, पण मी ती कशी पाहिली ते लिहिते. सुट्टीच्या दिवशी आईनं दिलेला डबा घेऊन आम्ही दोघं तुमच्या स्टेशनवर यायचो. लहानसं स्टेशन, एक बाक, एक कडुनिंब, आणि तुम्ही टेबलापाशी फोन कानाला लावून बसलेले. फाटकावरच्या गेटमनला तुम्ही सांगता आहात, गाडी येते आहे, फाटक लाव. तो फाटक लावून येतो, तुमचे शब्द जसेच्या तसे परत म्हणतो, आणि शेवटी दोन आकडी एक नंबर देतो. तुम्ही तो नंबर परत म्हणता, लिहून घेता, आणि त्यानंतरच सिग्नलला हात लावता. एकदा धाकट्यानं विचारलं की फाटक लावलं म्हणून तो बोलला ना, मग पुन्हा नंबर कशाला? तुम्ही डब्यातली भाकर मोडत म्हणालात, “बोलते तर कोणीही रे. झोपेत बोलते, दुसऱ्याच फाटकावरचा बोलून जाते. नंबर देते तोच आपला.” परत येताना पायवाटेवर आम्ही तेच खेळत आलो. मी म्हणायची, दगडावरून उडी मार. तो म्हणायचा, दगडावरून उडी मारतो. खेळात मात्र नंबर मी, सांगणारीच, द्यायची. मग तो उडी मारायचा. पुढे जे झालं ते इतकं सहज का जमलं, याचं कारण बहुतेक त्या पायवाटेवर आहे.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला त्याचं बोलणं भरकटायला लागलं. दूध आणलं का, असं विचारलं तर दुधावरून तो गायीवर जायचा, गायीवरून गोठ्यावर, गोठ्यावरून गावाकडच्या काकांवर, आणि काकांवरून त्यांनी आपल्याविरुद्ध रचलेल्या डावावर. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीला लागून असायची, फक्त दूध कुठं गेलं ते कळायचं नाही. मग खोलीत कोणी नसताना तो उत्तरं देऊ लागला. नागपूरच्या डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया हा शब्द सांगितला तेव्हा तुम्ही तो त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलात आणि बाहेर आल्यावर मला लिहून द्यायला लावलात. मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते. मी त्याला पुराव्यानिशी सिद्ध करून द्यायची की खोलीत कोणी नाही. तो शांतपणे सगळं ऐकून घ्यायचा आणि मग जे कोणी बोलत होतं, त्याला माझं म्हणणं कळवायचा.

एक दुपार मला अजून जशीच्या तशी दिसते. आई ओट्यापाशी पोळ्या करते आहे. तो ताट हातात घेऊन उभा आहे, बसत नाही. जेवू नको म्हणून त्यांनी सांगितलं आहे, असं म्हणतो. आई रडवेली झाली आहे, मी वाद घालून थकले आहे. तेवढ्यात तुम्ही ड्यूटीवरून येता, चपला दारात सोडता, आणि हात धुता धुता विचारता, “कोणी सांगतलं?”

“ते बोलते ते.”

“नंबर देल्ला काय त्यायनं?”

तो थांबतो. ताट तसंच हातात. इतका वेळ आम्ही काय काय बोललो होतो, त्यातलं काही त्याच्यापर्यंत गेलेलं नव्हतं, हे गेलं. तो म्हणतो, नाही.

“मंग? बिनानंबरचा मेसेज आपल्या इथं चालते काय?”

“नाही चालत.”

“बस. जेव. नंबर सदतीस.”

“जेवतो. सदतीस,” तो म्हणतो, आणि खाली बसतो. आईनं त्या दिवशी त्याला वाढलेली पोळी इतकी करपलेली होती की ती नाकारायला कोणाच्या सांगण्याची गरज नव्हती. त्यानं खाल्ली.

त्यानंतर आमच्या घरात सगळं नंबरावर चालायला लागलं. एक वाक्य, ते परत, नंबर. नागपूरच्या गोळ्या चालूच होत्या, आणि गोळ्यांशिवाय नुसत्या नंबरांवर तो सावरला असता असं मी कधीच म्हणणार नाही. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनी तसं मनातही आणू नये. पण गोळीनं जी जागा मोकळी करून दिली, तिथं तुम्ही रूळ टाकलेत. मला तुम्ही एकदाच रागावलात तेही तेव्हाच. मी सकाळच्या घाईत त्याला म्हटलं होतं, ऊठ, आंघोळ कर, दूध घेऊन ये आणि येताना गोळी घ्यायला विसरू नकोस. तो पलंगावर बसून राहिला. मी आवाज चढवला. तुम्ही वर्तमानपत्रातून मान काढून म्हणालात, “एका लाइनीवर चार गाड्या काहून सोडून राहिली बाई तू? एक पोचू दे, मंग दुसरी सोड.” तुम्ही मला ‘बाई’ म्हटलं की मामला गंभीर असायचा. मी म्हटलं, ऊठ. नंबर दिला. तो उठला.

आणि तो दिवस, ज्या दिवशी मला वाटलं की आता हे सगळं कोसळणार. तो पांढऱ्या चेहऱ्यानं तुमच्याकडे आला आणि म्हणाला की त्यांनीही नंबर दिला. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. मला या डावावर तोड दिसत नव्हती. तुम्ही जराही न गडबडता विचारलंत, कोणता? तो म्हणाला, बावीस. तुम्ही विचार करत अंगठ्यानं बोटांची पेरं मोजलीत. बावीस तर सकाळीच वापरला, तुम्ही म्हणालात, तुले आंघोळीले धाडलं तेव्हा. एकदा वापरलेला नंबर त्या दिवशी पुन्हा चालत नाही. धाकट्यानं क्षणभर वर आढ्याकडे पाहिलं आणि हसला. महिन्यांत पहिल्यांदा हसला होता. “त्यायले नवीन नंबर येतच नाही, बाबा,” तो म्हणाला. “माह्याच इथले उचलते.”

हे वाक्य मी इतकी वर्षं गमतीचं म्हणून लक्षात ठेवलं होतं. परवा कळलं की त्यात आणखी काही आहे.

तुम्ही गेल्यावर नंबर मी देऊ लागले. तुमच्यासारखा गोडवा माझ्यात नाही. मी ते ऑफिसच्या शिस्तीनं चालवलं आणि त्यालाही तेच बरं पडलं असावं. आमचे जुने डॉक्टर नंबराचं ऐकून हसायचे, कागदावर काही लिहायचे नाहीत. त्यांनी दवाखाना बंद केला, तेव्हा आम्ही समता कॉलनीतल्या एका तरुण डॉक्टरांकडे जाऊ लागलो. तिथं शेजारच्या खोलीत एक मुलगी तिच्या पुढच्या शिक्षणासाठी काम करते. या आजारात मेंदू भाषा कशी घेतो, हे तिला पाहायचं आहे. तिची आजी अमरावतीकडची. म्हणून मुलीला मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत येतं. तिनं धाकट्याला विचारलं, माझ्या कामात भाग घ्याल का? मी म्हणणार होते की तो लवकर दमतो. तो माझ्याआधी म्हणाला, “हव.” होकाराचा हा शब्द त्यानं गोल बाजारातून आणला आहे, त्याला वाद घालता येत नाही.

त्याच्या डोक्यावर ओलसर बटणांची एक टोपी चढवली, कानांवर हेडफोन लावले. एकेक वाक्य ऐकायचं आणि ते बरोबर वाटतं की विचित्र, याप्रमाणे समोरच्या दोन बटणांपैकी एक दाबायचं. मी बाहेर बाकावर पेपर वाचत बसले. पेपर संपेपर्यंत मुलगी बाहेर आली, तोंड उतरलेलं. त्यांनी एकही बटण दाबलं नाही, म्हणाली. प्रत्येक वाक्यानंतर माझ्याकडे पाहून विचारतात, नंबर? मला हसू आलं असतं, पण तोवर ते डॉक्टरांच्या कागदावर गेलं होतं. आम्हाला आत बोलावलं. डॉक्टर मला उद्देशून, अगदी सौजन्यानं, सांगू लागले की ही आकड्यांची गोष्ट नवीन दिसते, जुन्या कागदांत नाही, तेव्हा संध्याकाळची गोळी थोडी वाढवून पाहू. मी धाकट्याच्या हातांकडे पाहिलं. त्यानं ते मांडीखाली घेतले होते.

मग डॉक्टरांनी विचारलं की नंबर कशाचा. विचारलं त्याला, पण त्यानं नेहमीप्रमाणे माझ्याकडे पाहिलं, आणि मी नेहमीप्रमाणे तोंड उघडलं. माझ्याकडे सगळं तयार होतं: तुम्ही, स्टेशन, फाटक, सगळं क्रमानं. पण तेवढ्यात तुमचा तो वर्तमानपत्रातून मान काढण्याचा प्रकार आठवला, आणि एका लाइनीवर एकच गाडी. मी तोंड मिटलं. डॉक्टर घाई न करता थांबले, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. धाकट्यानं हात मांडीखालून काढले आणि टेबलावर ठेवले.

“सर, मशीन में जो बोल रहे थे, वो बिना नंबर का मैसेज था. बिना नंबर का मैं नहीं लेता. वो आवाज़ें भी बिना नंबर के ही बोलती हैं.”

“अभी भी बोलती हैं?”

“कभी-कभी. मैं नंबर माँगता हूँ. नहीं दे पातीं, तो मैं अपना काम करता हूँ.”

“और जो आप खुद सोचते हैं?”

“उसको मैं खुद नंबर देता हूँ,” तो म्हणाला. “जिसको नंबर दिया, वो मेरा.”

बाबा, यातलं पहिलं मला माहीत होतं. पुढचं काहीच माहीत नव्हतं. आवाज केव्हाच बंद झाले, अशी माझी पक्की समजूत होती. मी दर भेटीत डॉक्टरांना तसंच सांगत आले होते, तोही शेजारी बसून ऐकत आला होता. डॉक्टरांनी मला मग तुमच्याबद्दल विचारलं, आणि तेव्हा मी थोडक्यात सांगितलं, माझ्या मानानं फारच थोडक्यात. त्यांनी कागद पुढे ओढला, ती ओळ एका रेघेनं खोडली, बाजूला सही केली. गोळी आहे तीच राहू द्या, म्हणाले. त्यांनी आणखी एक सांगितलं: मॅडम, पुढच्या वेळी यांना एकट्यांनाच पाठवा. मी ‘बरं’ म्हटलं. मला ते आवडलं नाही, पण म्हटलं.

मुलीचं समाधान झालेलं नव्हतं. तिनं पुन्हा टोपी चढवली. हे माझ्या कामात धरता येणार नाही, माझ्या सरांना विचारावं लागेल, फक्त मला पाहायचं आहे, म्हणाली. आणि या वेळी प्रत्येक वाक्यानंतर तिनं एक नंबर म्हटला. धाकटा भराभर बटणं दाबत गेला. मला तिनं शेजारी बसू दिलं आणि पडद्यावरच्या लाटा दाखवत समजावलं. वाक्य ऐकताना आपला मेंदू शब्द येण्याची वाट पाहत बसत नाही, पुढे जाऊन उभा राहतो. चहात, असं ऐकलं की साखर तयार ठेवतो. तिथं साखरेऐवजी भलताच शब्द आला तर त्याला धक्का बसतो, आणि पापणी लवते न लवते तोच तो धक्का लाटेत दिसतो. या आजाराच्या पुष्कळ लोकांत तो धक्का उठून दिसत नाही. वाक्याची सुरुवात मनात हवी तितकी घट्ट धरून ठेवलेली नसते, म्हणून पुढे नेमकं काय यायला हवं हे ठरत नाही. आणि कधी एका शब्दाला हाक मारली की सगळा पारा, म्हणजे अख्खी गल्लीच, जागा होऊन दारात येतो. मला ती दूध, गाय, गोठा, काका अशी ओळ आठवली. मग ती आवाजांबद्दल बोलली. आपण बोलतो किंवा मनातल्या मनात बोलतो, तेव्हा मेंदूचा बोलणारा भाग ऐकणाऱ्या भागाला आगाऊ कळवतो की हे येतं आहे, हे आपलंच आहे. म्हणून स्वतःचा आवाज आपल्याला दचकवत नाही. ही आगाऊ सूचना नीट पोचत नसावी, असं बऱ्याच जणांना वाटतं. मग आपलेच शब्द दुसऱ्या कोणाचे वाटतात. म्हणजे लाइन क्लिअर, पुढच्या स्टेशनची परवानगी, न घेता आलेली गाडी, बाबा. आपल्याच यार्डातून निघालेली, पण कळवल्याशिवाय आलेली. ‘माह्याच इथले उचलते’, ते हेच.

मी तिला विचारलं की मग हा जो स्वतःच्या विचाराला नंबर देतो, ते त्या सूचनेचंच काम आहे का. तिनं वही मिटली आणि हसून मान हलवली. “आंटी, मैं ऐसा लिख नहीं सकती. लेकिन आज रात सोचूँगी ज़रूर.” सगळ्यांमध्ये हे सारखं नसतं, अजून कितीतरी कळायचं आहे, हेही तिनं सांगितलं. मला तिचं ते न सांगणं आवडलं. तुम्हालाही आवडलं असतं. पक्कं कळल्याशिवाय सिग्नल द्यायचा नाही.

धाकट्याची बरीच उत्तरं बरोबर आली, काही चुकली. मुलीनं चुकलेल्यांतलं एक दाखवलं. वाक्य होतं की बाईनं चहात चावी घातली. यानं ते बरोबर म्हणून बटण दाबलं होतं. ती त्याला हळूच म्हणाली, चाबी तो अजीब है ना, अंकल? तो म्हणाला, “अजीब क्या? हमारी माँ ने डाली थी.” आणि खरंच, आईच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा एकदा उकळत्या चहाच्या पातेल्यात पडला होता. पाहुणे समोर बसले होते, म्हणून तुम्ही तो चहा तसाच प्यालात, आणि पाहुण्यांनाही पाजलात. मुलगी डोकं धरून बसली. ती चूक आजाराची म्हणायची की आठवणीची, हे तिच्या टोपीला सांगता येत नव्हतं.

घरी येताना ऑटोत मी त्याला विचारलंच. आवाज अजून येतात, हे मला का नाही सांगितलंस? तो रस्त्याकडे पाहत म्हणाला, “तुले काहून सांगू? तू त्या दिवशीच गोळी वाढवून आणली असती, ताई.” मी म्हटलं, मी डॉक्टर आहे का? “नाही,” तो म्हणाला, “पण डॉक्टर तुले भेते.” ऑटोवाला पुढे हसला, म्हणजे त्याला मराठी कळत होतं. मग सांगण्यासारखं काही नव्हतंच, धाकटा पुढे म्हणाला. येतात, नंबर मागतो, जातात. जसा दुकानात रोज एखादा नुसता भाव विचारून जाणारा येतो तसं. तो हे इतक्या साधेपणानं सांगत होता की मला वाईट वाटायला हवं होतं तिथं हलकं वाटायला लागलं. मी समजत होते की या स्टेशनची ड्यूटी माझ्याकडे आहे. माणूस केव्हाचा स्वतः टेबलावर बसून गाड्या सोडत होता, एकही गाडी अंगावर न घेता.

तेव्हा जे आहे ते रीतसर केलेलं बरं. काल सकाळी चहा झाल्यावर मी त्याला समोर बसवलं आणि चार्ज दिला. तुम्ही ड्यूटी संपताना दुसऱ्या बाबूंना द्यायचा तसा, एकेक वस्तू नाव घेऊन पुढे सरकवायची, घेणाऱ्यानं नाव परत म्हणायचं, आणि मगच टेबलावरून उठायचं. त्याला हे आवडलं. त्यानं दुकानात जायचा धुतलेला शर्ट घातला होता.

एक मात्र मी चार्जात धरलं नाही. निजायच्या आधी मी कडी लावते, दार लावलं असं म्हणते, आणि आतून तो नंबर देतो. हे त्याच्यासाठी आहे, असं मी कोणालाही सांगितलं असतं. पण तो शेठच्या मुलीच्या लग्नाला बिलासपूरला गेला होता, तेव्हा मी कडी लावून पडले, पुन्हा उठून पाहिली, पुन्हा पडले, आणि शेवटी त्याला फोन करून म्हटलं, दार लावलं. तिकडे वरातीचा बँड वाजत होता. त्यानं त्या गोंगाटातून नंबर दिला आणि मी झोपले. एवढं तुमच्यापाशी कबूल करते. त्याला सांगणार नाही.

हे पत्र पाठवलेलं धरू नये. पलीकडे परत म्हणून दाखवणारा आणि नंबर देणारा नसेल, तर मेसेज गेला असं मानत नाहीत, हा तुमचाच नियम. कालच्या चार्जाची नोंद तेवढी खाली करते.

दिलं: गोळ्यांचा डबा, सकाळ-संध्याकाळच्या खणांसकट. दवाखान्याची फाइल. घराची दुसरी किल्ली. डॉक्टरांचा फोन, त्याच्याच मोबाइलमध्ये, त्यानंच भरलेला. आईचा किल्ल्यांचा जुडगा, त्यानं मागितला म्हणून. त्यातली एकही किल्ली आता कशाला लागत नाही. घेतलं: धाकट्यानं, सगळी नावं परत म्हणून. नंबर त्यानं दिला, एकाहत्तर. त्या दिवशी आधी वापरलेला नव्हता. मी आठवून पाहिलं.